पीएचपीत फाइलला लॉक कसं लावायचं

दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की धरणगाव, बोदवड, जामनेरकडच्या जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. समजा, अशा एका जिनिंगसाठी तुम्ही टोकन देणारं छोटं पान पीएचपीत (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत) लिहिलं आहे. एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये शेवटचा नंबर ठेवलेला असतो. पान उघडलं की तो वाचायचा, एकानं वाढवायचा, परत लिहायचा आणि चिठ्ठी छापायची. फाटकावर एकच कॉम्प्युटर आहे तोवर सगळं सुरळीत चालतं. दुसऱ्या फाटकावर दुसरा कॉम्प्युटर लागला, की एखाद्या गर्दीच्या सकाळी २१४ नंबरची चिठ्ठी दोन शेतकऱ्यांच्या हातात पडते आणि काट्यावर वाद सुरू होतो.

होतं ते असं. पहिल्या रिक्वेस्टनं (ब्राउझरनं सर्व्हरकडे केलेल्या पानाच्या मागणीनं) फाइलमधून २१३ वाचला. तिनं २१४ लिहिण्याआधीच दुसऱ्या रिक्वेस्टनंही २१३ वाचला. दोघींनी आपापल्या परीनं बरोबर बेरीज केली आणि दोघींनी २१४ लिहिलं. फाइल खराब झाली नाही, कुठे एरर आली नाही, लॉगमध्ये काही नाही. वाचणं आणि लिहिणं यांमधली फट जेमतेम काही मिलिसेकंदांची असते, म्हणून घरी एकट्यानं तपासताना ही चूक कधीच दिसत नाही.

यावरून एक गोष्ट पक्की धरा: लॉक फाइलला लावलं असं आपण म्हणतो खरं, पण राखायची असते ती 'वाचा, बदला, लिहा' ही सलग कृती. फक्त लिहिण्यापुरतं लॉक लावलं तर वरचा घोळ जसाच्या तसा राहतो, कारण दोघींनीही जुना आकडा आधीच वाचून ठेवलेला असतो. वाचण्याच्या आधी लॉक, लिहून झाल्यावर सुटका.

लॉक म्हणजे नेमकं काय

पीएचपीत यासाठी फ्लॉक हे फंक्शन आहे. (या लेखात फंक्शन, मोड आणि स्थिरांकांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.) त्याला दोन गोष्टी द्यायच्या: उघडलेल्या फाइलचं हँडल (एफओपन जे परत देतो ते) आणि लॉकचा प्रकार. लॉक_ईएक्स म्हणजे एकट्याचं लॉक, ते एका वेळी एकालाच मिळतं. लॉक_एसएच म्हणजे वाचणाऱ्यांचं सामायिक लॉक. ते एकाच वेळी कितीही जणांना मिळू शकतं, पण तेव्हा लॉक_ईएक्स कुणालाच मिळत नाही. लॉक_यूएन म्हणजे सोडणं.

लिनक्सवर हे लॉक सक्तीचं नसतं. वजनकाट्यावर एका वेळी एकच ट्रॉली चढवायची हा नियम सगळे पाळतात म्हणून वजन बरोबर येतं. काट्याभोवती भिंत बांधलेली नसते. तसंच इथे. तुमच्या टोकनच्या पानानं लॉक घेतलं असलं, तरी फ्लॉक न विचारता फाइल उघडणारी दुसरी स्क्रिप्ट खुशाल त्यात लिहू शकते. कुणी सर्व्हरवर नॅनो हा एडिटर उघडून आकडा हातानं बदलला, तर नॅनोही तुमचं लॉक विचारणार नाही. त्या फाइलला हात लावणारी प्रत्येक स्क्रिप्ट शोधा आणि प्रत्येकीत लॉक घाला. एक सुटली की बाकीच्यांचं लॉक निरुपयोगी.

आधी जागा आणि परवानगी

डेटाची फाइल वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवू नका, नाहीतर ब्राउझरमध्ये पत्ता टाकून कुणीही ती वाचू शकेल. त्या फोल्डरच्या बाहेर डेटासाठी वेगळं फोल्डर करा आणि त्याची मालकी वेब सर्व्हरच्या युजरकडे द्या. उबंटूवर अपाचेचा हा युजर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' असतो. इथे नवख्यांची एक ठरलेली चूक होते: स्क्रिप्ट पहिल्यांदा रूट युजरनं टर्मिनलवरून चालवली जाते, फाइल रूटच्या नावावर तयार होते, आणि नंतर ब्राउझरमधून पान उघडलं की 'परमिशन डिनाइड'. लॉकच्या कोडमध्ये तासभर दोष शोधत बसण्याआधी फाइलचा मालक कोण आहे ते पाहा.

टोकन वाढवण्याच्या पायऱ्या

१. एफओपननं फाइल 'सी+' मोडमध्ये उघडा. उत्तर फॉल्स आलं तर तिथेच थांबा आणि एरर नोंदवा. पीएचपी ८ मध्ये ते फॉल्स तसंच फ्लॉकला दिलं तर टाइपएरर येऊन स्क्रिप्ट कोसळते.

२. फ्लॉकला हँडल आणि लॉक_ईएक्स द्या. तो ट्रू किंवा फॉल्स देतो. ट्रू आलं तरच पुढे जा.

३. स्ट्रीम_गेट_कंटेंट्सनं सगळा मजकूर वाचा आणि ट्रिम करा.

४. मजकूर रिकामा असेल तर शून्य धरा. रिकामा नसेल तर सीटाइप_डिजिटनं तो निव्वळ अंकांचा आहे का ते तपासा, आणि नसेल तर थांबा. मग एक मिळवा.

५. रिवाइंड करा आणि एफट्रंकेटनं फाइल शून्य बाइटची करा.

६. एफराइटनं नवा आकडा लिहा. परत आलेली बाइटसंख्या तुमच्या मजकुराच्या लांबीइतकी आहे का ते पाहा. डिस्क भरलेली असेल तर ती कमी येते.

७. एफफ्लश करा, म्हणजे बफरमध्ये (लिहिण्याआधीच्या तात्पुरत्या मेमरीत) काही राहिलं असेल तर ते लॉक सोडण्याआधी बाहेर जाईल.

८. फ्लॉकला लॉक_यूएन द्या, मग एफक्लोज.

चिठ्ठीचा एचटीएमएल यानंतर. लॉक हातात असताना ब्राउझरकडे काहीही पाठवू नका. ऑपरेटरनं मधेच टॅब बंद केला तर पीएचपीला ते कळतं आउटपुट पाठवताना, आणि स्क्रिप्ट तिथेच थांबू शकते. एफट्रंकेट झालंय आणि एफराइट अजून व्हायचंय अशा जागी ती थांबली तर फाइल रिकामी राहील. जास्तीची खबरदारी म्हणून सुरुवातीला इग्नोर_यूजर_अबॉर्ट ट्रू करून ठेवा. पायरी ३ ते ७ ट्रायमध्ये आणि ८ फायनलीमध्ये ठेवली, की मधे एक्सेप्शन आलं तरी लॉक सुटतं.

या पायऱ्यांमधल्या काही जागा नीट समजून घ्यायला हव्यात, कारण चुका तिथेच होतात.

मोड. 'डब्ल्यू' मोड फाइल उघडताक्षणी रिकामी करतो. म्हणजे लॉक मागण्याच्या आधीच. रांगेत थांबलेल्या स्क्रिप्टनं नुसतं उघडूनच समोरच्याचा डेटा पुसलेला असतो! अशा वेळी तिसरी रिक्वेस्ट रिकामी फाइल वाचते, रिकामं म्हणजे शून्य धरते, आणि दुपारी दोन वाजता टोकन पुन्हा १ पासून सुरू होतं. 'आर+' पुसत नाही, पण फाइल नसेल तर ती तयारही करत नाही. 'ए' मोडमध्ये लिखाण कायम शेवटीच जातं. 'सी+' फाइल नसेल तर तयार करतो, असेल तर हात लावत नाही, आणि पॉइंटर, म्हणजे वाचण्या-लिहिण्याची चालू जागा, सुरुवातीला ठेवतो. 'सी' आणि 'सी+' हे मोड ५.२.६ आवृत्तीत आले, ते नेमके या कामासाठीच. जुन्या ट्युटोरियलमध्ये 'डब्ल्यू' आणि फ्लॉक एकत्र दिसले तर तो कोड उचलू नका.

पॉइंटर. एफट्रंकेट फाइल छोटी करतो, पण पॉइंटर जिथे होता तिथेच ठेवतो. रिवाइंड विसरलात तर तीन बाइट वाचून झाल्यावर नवा आकडा चौथ्या जागी लिहिला जातो आणि आधीच्या तीन जागी शून्य-बाइट भरले जातात. काही एडिटरमध्ये आकडा बरोबर दिसतो, पण ट्रिम न करता पूर्णांकात रूपांतर केलं की शून्य येतं.

लांबी. वाचण्यासाठी फाइलसाइझ वापरू नका. पीएचपी त्याचं उत्तर लक्षात ठेवून देते. लॉकच्या रांगेत थांबण्याआधी घेतलेली लांबी लॉक मिळेपर्यंत शिळी झालेली असू शकते: फाइलमध्ये ९९ होते, ते १०० झाले, आणि तुम्ही दोनच बाइट वाचले तर तुमच्या हाती येतात १०. स्ट्रीम_गेट_कंटेंट्सला लांबी सांगावीच लागत नाही.

अंक. आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट: कुणीतरी फाइल हातानं दुरुस्त करताना मराठी कीबोर्डवरून २१४ टाइप करतं. पीएचपीला देवनागरी अंक पूर्णांक म्हणून कळत नाहीत, रूपांतर केलं की शून्य मिळतं. चौथ्या पायरीतली तपासणी यासाठीच आहे. संशयास्पद मजकूर दिसला की थांबणं केव्हाही बरं, शून्यापासून पुढे जाणं धोक्याचं.

टोकन रोज १ पासून सुरू करायचं असेल तर तारीखही त्याच फाइलमध्ये ठेवा आणि 'दिवस बदलला का' ही तुलना लॉकच्या आत करा. बाहेर केली तर सकाळी पहिल्या दोन रिक्वेस्ट दोघीही फाइल नव्यानं सुरू करतील. टाइमझोन एशिया/कोलकाता ठेवायला विसरू नका. पीएचपी स्वतःहून यूटीसी धरते, आणि मग तुमचा दिवस पहाटे साडेपाचला बदलतो.

किती वेळ थांबायचं

लॉक_ईएक्स मागितलं आणि ते दुसऱ्याकडे असलं, तर फ्लॉक मिळेपर्यंत थांबून राहतो. इथे कामच दोन मिलिसेकंदांचं असल्यामुळे बहुतेक वेळा ते चालतं. मात्र लॉक धरलेली स्क्रिप्ट कुठे अडकली तर मागच्या सगळ्या अडकतात. तीस सेकंदांची मॅक्स_एक्झिक्युशन_टाइम मर्यादा आपल्याला सोडवेल असं वाटतं, पण लिनक्सवर असं थांबण्यात गेलेला वेळ त्या मर्यादेत मोजलाच जात नाही. पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या सोबत येणाऱ्या सेटिंगमध्ये पीएम.मॅक्स_चिल्ड्रन, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची हद्द, ५ असतो. पाच रिक्वेस्ट लॉकच्या दारात उभ्या राहिल्या की पूर्ण साइट बंद पडल्यासारखी दिसते.

म्हणून थांबण्याला हद्द घाला. लॉक_ईएक्ससोबत लॉक_एनबी जोडा, मधे उभी रेघ म्हणजे बिटवाइज ऑर. असं केल्यावर लॉक मोकळं नसेल तर फ्लॉक लगेच फॉल्स देतो. मग यूस्लीपनं १,००,००० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, थांबा आणि पुन्हा मागा. असे ५० प्रयत्न म्हणजे सुमारे ५ सेकंद. तेवढ्यात नाही मिळालं तर 'पुन्हा प्रयत्न करा' असा स्पष्ट संदेश द्या. सगळ्यांनी नेमकं शंभर मिलिसेकंदांनीच दार ठोठावू नये म्हणून ५० ते १५० मिलिसेकंदांमधला कोणताही आकडा घेतलेला चांगला.

लॉकच्या आत शक्य तितकं थोडं काम असावं. शेतकऱ्याला एसएमएस पाठवणं, पावती प्रिंटरला देणं, दुसऱ्या सर्व्हरला विचारणं हे सगळं लॉक सोडल्यावर. एसएमएसच्या सर्व्हरला उत्तर द्यायला चार सेकंद लागले तर तेवढा वेळ दोन्ही फाटकं थांबतील.

हातातून निसटणारं लॉक

हा दोष शोधायला फार वेळ खातो. लॉक घेणारं वेगळं फंक्शन तुम्ही लिहिता. ते आत फाइल उघडतं, फ्लॉक करतं आणि ट्रू परत देतं. फंक्शन संपलं की आतलं व्हेरिएबल संपतं, त्यासोबत हँडल बंद होतं आणि लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लॉकही सोडून देतो. पुढचा सगळा कोड लॉकशिवाय चालतो आणि एरर एकही येत नाही. फंक्शनमधून ट्रू नव्हे, हँडलच परत द्या आणि काम होईपर्यंत ते व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.

उलट बाजू अशी, की स्क्रिप्ट फेटल एररनं मेली तरी लॉक अडकून राहत नाही, कर्नल ते सोडवतो. लॉक_यूएन तरीही स्वतः लिहा. ५.३.२ आवृत्तीपासून हँडल बंद होताना आपोआप लॉक सोडायचं काम पीएचपीनं स्वतःकडून काढून टाकलं आहे, आणि कोड वाचणाऱ्यालाही लॉक कुठे संपतं ते दिसायला हवं.

एकाच स्क्रिप्टमध्ये तीच फाइल दोनदा उघडून दोन्ही हँडलवर लॉक_ईएक्स मागू नका. लॉक हँडलला चिकटलेलं असतं, स्क्रिप्टला नाही. दुसरं हँडल पहिल्याची वाट पाहत बसेल आणि तुमची स्क्रिप्ट स्वतःलाच अडवून धरेल. टोकनची फाइल आणि आवकीची फाइल अशी दोन लॉक लागत असतील तर सगळीकडे तोच क्रम ठेवा: आधी टोकन, मग आवक. एका पानात उलटा क्रम आला की दोन रिक्वेस्ट एकमेकींची वाट पाहत राहतात.

फाइल_एक्झिस्ट्सनं 'लॉकची फाइल आहे का' तपासून, नसेल तर तयार करायची, हा घरगुती प्रकार बऱ्याच कोडमध्ये दिसतो. तपासणं आणि तयार करणं यांत तीच फट आहे जी आपण बुजवायला निघालो होतो. शिवाय मधे वीज गेली तर ती फाइल तशीच पडून राहते आणि साइट 'कुणीतरी काम करतंय' म्हणत बसते.

लिहिताना वीज गेली तर

भारनियमन आणि वळवाच्या पावसात तुटणाऱ्या तारा आपल्याकडे नव्या नाहीत. जिनिंगच्या ऑफिसातच सर्व्हर असेल तर हा विचार करायलाच हवा. लॉक दोन स्क्रिप्टांना एकमेकींपासून वाचवतं, वीज जाण्यापासून नाही. एफट्रंकेट आणि एफराइटच्या मधे वीज गेली तर फाइल रिकामी.

नुसता आकडा असेल तर तो शेवटच्या चिठ्ठीवरून परत घालता येतो. पण दिवसभराच्या आवकीची जेसन (मजकुराच्या रूपात डेटा ठेवायची पद्धत) फाइल असेल, एमएच १९ आणि एमएच १८ च्या शेकडो ट्रॉल्यांची वजनं त्यात असतील, तर पद्धत बदला. लॉकसाठी वेगळी, कायम रिकामी राहणारी फाइल ठेवा. तिच्यावर लॉक_ईएक्स घ्या. मूळ डेटा वाचा, बदला, आणि तो टेम्पनॅमनं त्याच फोल्डरमध्ये तयार केलेल्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा. एफफ्लश, मग एफसिंक (हे फंक्शन ८.१ पासून आहे), म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर जातो. एफक्लोज करून शेवटी रीनेमनं तात्पुरती फाइल मूळ नावावर आणा. एकाच फाइलसिस्टीमवर रीनेम एका झटक्यात होतो, त्यामुळे वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल मिळते किंवा पूर्ण नवी. त्याला लॉकचीही गरज उरत नाही.

इथे तीन खाचखळगे आहेत. टेम्पनॅमला फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसली तर तो गुपचूप नाही, नोटीस देऊन, पण सिस्टीमच्या टेम्प फोल्डरमध्ये फाइल बनवतो. तिथून रीनेम म्हणजे दुसऱ्या डिस्कवर कॉपी ठरू शकते आणि तो एका झटक्याचा भरवसा जातो. टेम्पनॅमची फाइल ०६०० परवानगीची असते, दुसऱ्या युजरला ती वाचायची असेल तर रीनेमआधी सीएचमॉड करा. आणि लॉक डेटाच्या फाइलवर घेऊ नका: रीनेमनंतर त्या नावाची फाइल नवी असते, रांगेतली स्क्रिप्ट मात्र जुन्या, नाव गेलेल्या फाइलचं लॉक घेऊन बसते. याच कारणानं लॉकची वेगळी फाइल काम झाल्यावर पुसायचीही नाही. पडून राहू द्या, ती शून्य बाइटचीच आहे.

जेसनमध्ये मराठी नावं असतील तर जेसन_एन्कोडला जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड द्या, म्हणजे फाइल उघडल्यावर नावं वाचता येतील.

सोपे मार्ग आणि त्यांची हद्द

फक्त शेवटी ओळ जोडायची असेल, जसं की लॉग, तर फाइल_पुट_कंटेंट्सला फाइल_अपेंड आणि लॉक_ईएक्स दोन्ही द्या, एवढं पुरतं. आकडा वाढवायला हे फंक्शन चालत नाही, कारण वाचणं आधी आणि लॉकच्या बाहेर झालेलं असतं. फाइल_गेट_कंटेंट्स कोणतंच लॉक मागत नाही, त्यामुळे दुसरा लिहीत असताना त्याला अर्धी फाइल मिळू शकते. जागच्या जागी लिहिली जाणारी फाइल वाचताना 'आर' मोडमध्ये उघडून लॉक_एसएच घ्या. वाचता वाचता 'आता बदलूया' म्हणून लॉक_एसएचचं लॉक_ईएक्स करू नका: लिनक्समध्ये जुनं लॉक आधी सुटतं, मग नवं मिळतं, आणि त्या मधल्या क्षणात तिसरा लिहून जातो. बदलायचं असेल तर सुरुवातीलाच लॉक_ईएक्स.

क्रॉननं (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीनं) दर मिनिटाला चालणारी स्क्रिप्ट स्वतःवरच चढू नये यासाठी पीएचपीत काही लिहायची गरज नाही. लिनक्समध्ये फ्लॉक नावाचा कमांडही आहे. क्रॉनच्या ओळीत त्याला '-एन' आणि लॉक फाइलचा मार्ग देऊन पुढे पीएचपीचा कमांड लिहा. आधीची फेरी चालू असेल तर नवी मुकाट्यानं परत जाते.

विंडोजवर झॅम्प (अपाचे-पीएचपीचा तयार संच) वापरून शिकत असाल तर तिथे लॉक सक्तीचं असतं: एकानं लॉक_ईएक्स घेतलं की दुसऱ्याचं साधं वाचणंही 'परमिशन डिनाइड' होतं. तिथे चाललेला कोड लिनक्सवर तसाच सुरक्षित असेल असं धरू नका. डेटा एनएफएसनं (नेटवर्कवरून फाइल वापरायच्या पद्धतीनं) दुसऱ्या मशीनवर असेल तर फ्लॉकवर विसंबू नका, जुन्या, २.६.१२ च्या आधीच्या लिनक्स कर्नलमध्ये तर ते लॉक फक्त त्या एका मशीनपुरतंच असायचं.

आवक दिवसाला काही शेकडा ओळींच्या पुढे गेली, शोधायची-गाळायची गरज पडू लागली, की फाइलचा हट्ट सोडून एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या. तेही एकाच फाइलमध्ये राहतं आणि पीएचपीतून पीडीओ या डेटाबेस-जोडणीनं चालतं. तिथेही 'वाचा, बदला, लिहा' एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा, सुरुवात 'बिगिन इमिजिएट'नं करा, आणि बिझी टाइमआउट ५,००० मिलिसेकंद द्या.

तपासणी

आधी लॉक नसलेली आवृत्ती मुद्दाम बिघडवून पाहा. ती बिघडली नाही तर तुमची तपासणीच चुकते आहे. एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये तपासू नका. पानात सेशन (वापरणाऱ्याची ओळख लक्षात ठेवायची सोय) असेल तर पीएचपी सेशनच्या फाइलवर स्वतःच लॉक धरते आणि दोन्ही टॅब एकामागून एक चालतात, दोष झाकला जातो. पीएचपीचा अंगभूत सर्व्हरही चालत नाही, तो मुळात एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो. अपाचे किंवा एनजिनएक्सवर पान ठेवा.

पहिली चाचणी टर्मिनलवर: लॉक मिळाल्यानंतर स्लीप १५ टाका, दोन टर्मिनलमधून तीच स्क्रिप्ट चालवा. दुसरी थांबून राहिली पाहिजे. त्या वेळात तिसऱ्या टर्मिनलवर एलएसलॉक्स हा कमांड दिला की लॉक कोणत्या प्रोसेसकडे आहे ते दिसतं.

दुसरी चाचणी अपाचेबेंचनं: स्लीप काढा, फाइलमध्ये ० लिहा, आणि एबी कमांडला '-एन ५००' आणि '-सी २०' देऊन टोकनच्या पानावर ५०० रिक्वेस्ट सोडा, एका वेळी २०. लॉक नसलेल्या आवृत्तीत शेवटचा आकडा बहुधा ५०० च्या बराच खाली दिसेल. लॉक असलेल्या आवृत्तीत बरोबर ५०० हवा. ४९७ आला तर आधी 'पुन्हा प्रयत्न करा' हा संदेश किती रिक्वेस्टना गेला ते मोजा, तुमच्या ५ सेकंदांच्या हद्दीत लॉक न मिळालेल्या त्या तीन असू शकतात. तिथे शून्य असेल तर फंक्शनमधून हँडल परत येतंय का, आणि वाचणं खरोखर फ्लॉकच्या ओळीच्या खाली आहे का, या दोन जागा तपासा.